बाईंची नवी

४ मार्च

ताई,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकली असशील. दचकू नकोस, आई बरी आहे. जेवते, झोपते. मीही बरा आहे. लांबची गाडी सोडली. आता सकाळी शाळेच्या पोरांची व्हॅन आणि दुपारी तीच पोरं परत. मधे बराच वेळ रिकामा असतो.

म्हणून लिहितोय. आईचं शिवणाचं मशीन चालवायला शिकावं असं मनात आहे. हसू नकोस. पट्टा सैल झाला होता, तो बदलला. तेल घातलं. चाक फिरतं. पण मी पायडल दाबलं की चाक कधी पुढे जातं, कधी मागे, आणि मागे गेलं की दोरा तुटतो. कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचं घरटं. त्यात अंडी घालायची तेवढी बाकी आहेत.

कोपऱ्यावरच्या शिंप्याला विचारलं. तो म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, या वयात? काय फाटलंय ते आणून टाका ना माझ्याकडे."

सुरुवात कुठून करायची ते सांग. तू आईच्या हाताखाली शिकलीस. मला दुसरं कोण सांगणार?

भावोजींना नमस्कार. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. दिलंस तर मशीनबद्दल तेवढं दे, बाकीचं राहू दे.

बटण्या


१९ मार्च

ताई,

कार्ड मिळालं. चार ओळी, चारही मशीनबद्दल. ‘बॉबिन उलटी बसवली आहेस. चाकाला आधी हाताने सुरुवात दे, मग पाय लाव. पहिले काही दिवस कागदावर, दोरा न ओवता. तेल फार घालू नकोस.’ वर ‘प्रिय’ नाही, खाली नाव नाही. तरी मी ते मशीनच्या खणात ठेवलंय.

खालच्या दोऱ्याची ती बॉबिन उलटीच होती. मुलांच्या जुन्या वह्यांचे कागद आणले आणि रेघांवरून जायला लागलो. रेघ सरळ असते, मी नसतो. आईला सांभाळायला दिवसभर एक मावशी येतात. त्या कागद उजेडात धरून म्हणाल्या, "दादा, उंदीर यापेक्षा नीट कुरतडतो."

एक गोष्ट मागच्या पत्रात नीट लिहिली नव्हती. आई बरी आहे म्हणजे अंगाने बरी आहे. दुपार कलली की घाबरते. ‘मला घरी जायचंय’ म्हणते आणि उठून दार हलवते. ती तिच्याच घरात आहे हे तिला पटत नाही. एकदा ती अशी दाराशी असताना मी मशीनचं चाक पुसत होतो. ते जरा फिरलं, खडखडलं. आई थांबली. पलंगावर येऊन बसली.

मग मी रोज त्या वेळेला नुसतं पायडल मारायला लागलो. थोडे दिवस चाललं. एकदा मागून आवाज आला, "रिकामं मशीन कोण पळवतंय गं? फुकट मिळतं का ते?"

तिला रिकामं कळतं. कागद असेल तर म्हणते, "कागद आहे ना? रेघेवर राहा." काहीच नसेल तर पुन्हा दाराकडे बघायला लागते. म्हणून खरंच शिवायला हवं. म्हणून शिकतोय.

कापडावर कधी यायचं ते कळव.

बटण्या


५ एप्रिल

ताई,

या वेळी पाच ओळी. पाचवी मशीनबद्दल नाही. ‘ती "गं" कुणाला म्हणाली?’

मला म्हणाली.

लिहायचं नव्हतं, पण विचारलंस. आई मला ओळखत नाही. मी समोर आलो की तिला घरात परका माणूस दिसतो. पहिल्यांदा झालं तेव्हा मी तिच्यासाठी औषधाचं पाणी घेऊन गेलो होतो. तिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि मावशींना म्हणाली, "याला बाहेर काढा. इथे पोरी शिकतात. पुरुषांनी आत यायचं नाही, पाटी लावलीय ना?" मी म्हटलं, "आई, मी आहे." तिने इतक्या जोरात आरोळी मारली की शेजारचे धावत आले.

पाटी कधीची गेली. तुला आठवते का? तूच रंगवली होतीस, आणि ‘शिवणवर्ग’मधला शेवटचा ‘र्ग’ जागा न उरल्याने फार छोटा झाला होता.

मशीनवर बसलं की पलंगाकडे पाठ होते. पाठ तिला चालते. तिथे पोरीच बसायच्या, त्यामुळे जो बसेल ती पोर. मला ‘नवी’ म्हणते. पहिल्या दिवशी विचारलं, "नवी, आवाज का गं असा? घसा बसलाय?" मी हो म्हटलं. "गरम पाणी पीत जा. आणि पाठीला पोक काढू नकोस." तेव्हापासून मी हळूच बोलतो आणि तिला बाई म्हणतो. सगळ्या म्हणायच्या तसं.

कमी बोलतो. कधीकधी वाटतं, एकदा वळावं. मशीनच्या डाव्या टोकाला चकचकीत पत्रा आहे ना, त्यात मागचा पलंग दिसतो. आई त्यात बटणाएवढी दिसते. तेवढी बघतो.

कापडावर आलोय. मावशींनी जुनी चादर फाडून दिली.

बटण्या


२८ एप्रिल

ताई,

सुई मोडली तेव्हा नवी कशी बसवायची हे तू लिहिलं नसतंस तर मी ती सपाट बाजू पुढे करूनच बसवली असती. आता सुई बसते. कोपऱ्यावर थांबून, सुई कापडातच ठेवून कापड वळवायचं, तेही जमलं. लांबच्या गाडीवर घाटात वळण घेण्याइतकंच आहे, फक्त इथे गाडी जागची हलत नाही आणि रस्ता वळवावा लागतो.

शिवून झालं की मागे न बघता हात मागे करायचा. आई कापड घेते. डोळ्यांनी तिला फारसं दिसत नाही. अंगठ्याचं नख टीपेवरून फिरवते, मग दोन्ही बाजूंनी ओढून बघते. "उसव." एवढंच. मी उसवतो. पुन्हा देतो. "उसव." मावशी म्हणतात, "शिवायला शिकताय की उसवायला?"

गेल्या सोमवारी ती ‘उसव’ म्हणाली नाही. ओढून बघितलं, पुन्हा ओढलं. म्हणाली, "हात बसला की गं तुझा."

मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ वळलोच होतो. मग ती म्हणाली, "अजून एकदोन अशा झाल्या की सोडते तुला."

तुला माहीत आहे सोडणं म्हणजे काय. जी पोर ज्या बॉबिनवर शिकली, तीच बॉबिन आई तिला हात बसला की द्यायची, वर उरलेल्या दोऱ्यासकट. ‘झालं तुझं, उद्यापासून येऊ नकोस.’ पोरी मिठाई मिळाल्यासारख्या पळायच्या. मी त्या रात्री जेवलो नाही. तिने सोडलं तर मी कुठल्या दाराने आत जाऊ?

दुसऱ्या दिवशी मुद्दाम वाकडं शिवलं. सुरुवात सरळ केली, मधे पाय दाबला, कापड निसटू दिलं. ती बराच वेळ नख फिरवत होती.

"काल जमलं होतं की. घरी काही झालंय का?"

"नाही बाई."

"मग उसव."

मी उसवलं. मावशींनी सगळं बघितलं. चहा देताना हळूच म्हणाल्या, "दादा, खोटं वाकडं शिवायलाही हात लागतो बरं का."

आता रोज असंच चाललंय. थोडं सरळ, थोडं वाकडं.

बटण्या


२१ मे

ताई,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आता जसं झालं तसं लिहितो.

परवा आई म्हणाली, "चादरीवर किती दिवस काढणार? निसरड्या कापडावर हात धर." आणि मावशींना कपाटाच्या तळातलं गाठोडं काढायला सांगितलं. "त्यात कापलेलं आहे. कापायला नको, नुसतं जोडायचं."

मावशींनी गाठोडं माझ्या मांडीवर आणून ठेवलं. पिवळं सॅटीन. घडी घातलेलं, घड्यांवर इस्त्री. पुढचा भाग, मागचे दोन, बाह्या, गळ्याची पट्टी.

मी ते आधी कधी पाहिलं नव्हतं. तू घर सोडलंस तेव्हा मी गाडीवर होतो. परत आलो तेव्हा तू गेलेली होतीस आणि आई कुणाच्या तरी पडद्यांना दुमडी घालत होती. भावोजींबद्दल तिने मला एकच वाक्य सांगितलं. ‘घड्याळवाला वेळेवर येईल, पण आणणार काय?’ बाकीचं मला वर्षभराने भावोजींनी सांगितलं. तू लग्नात घालायचा ड्रेस चोरून शिवलास, आईला सापडला, आणि तू बाजारातून आलीस तेव्हा तो पलंगावर तुकडे तुकडे होऊन पडला होता. फाडलेला नाही. उसवलेला. इस्त्री करून.

सॅटीनला सुईचं भोक पडलं की बुजत नाही, हे मला माहीत नव्हतं. आता कळलं. तुकडे एकमेकांवर ठेवले आणि कडेने तुझी सगळी टीप दिसली. दोरा नाही, पण भोकं जशीच्या तशी, मुंग्यांच्या रांगेसारखी. मी म्हटलं, "बाई, याला भोकं आहेत."

"दे इकडे."

तिने तुकडा घेतला. नख फिरवलं. पत्र्यात मला दिसत होतं, तिने तो गालाशी नेला.

"हे शिवलेलं होतं. हात चांगला होता हिचा. कुठल्या मेलीने उसवलं गं हे?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माहीत नाही, बाई."

"इतकं चांगलं शिवलेलं कुणी उसवतं का? कशासाठी?" ती खरंच चिडली होती. "काय बिघडलं होतं यात? कुठं बिघडलंय, दाखव मला."

ती पुन्हा नख फिरवत राहिली. मग आवाज खाली आला. "कापडाला मात्र कुठं धक्का नाही. रागात उसवलं असतं तर फाटलं असतं. हे कुणीतरी एकेक टाका वेचत बसलंय."

मी त्यावर काही म्हणत नाही. तिने जे म्हटलं ते तुला कळवायला हवं होतं, तेवढं कळवलं.

"भोकांवरून जा," ती म्हणाली. "शिकणाऱ्याला यापेक्षा चांगली रेघ मिळायची नाही."

तर मी तुझ्या भोकांवरून जातोय. एका बाजूची शिवण झाली. पहिल्यांदाच मला मुद्दाम वाकडं जाता आलं नाही.

बटण्या


१२ जून

ताई,

तुझं पत्र आलं. कार्ड नाही, पत्र. पाकीट इतकं चिकटवलेलं होतं की उघडताना कोपरा फाटला.

‘मी येणार नाही. ती विसरली म्हणून मीही विसरायचं, असं कुठं ठरलंय? तो ड्रेस शिव नाहीतर भांडी पुसायला घे.’

तुझं बरोबर आहे. मी वाद घालत नाही. तिचं विसरणं म्हणजे तिने माफी मागणं नव्हे, हे मलाही कळतं. माझंही ती बरंच विसरलीय, आणि मी तर काही केलंही नव्हतं.

पण कुठे आलोय ते सांगतो. दोन्ही बाजू झाल्या, खांदे झाले, गळ्याची पट्टी मावशींनी टाचण्या लावून धरली आणि मी शिवली. उजवी बाही झाली. आता फक्त डावी उरलीय. ती झाली की ड्रेस झाला, आणि ड्रेस झाला की माझं झालं.

म्हणून डावी बाही मी लावतो आणि वाकडी लावतो. आई ओढून बघते. "उसव." मी उसवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आता तुझ्या भोकांशेजारी माझी इतकी भोकं झालीत की कडेची वीण सुटायला लागलीय. अजून थोड्या वेळा उसवलं तर बाही लावायला कापडच राहणार नाही.

आई दिवसेंदिवस कमी बोलते. जेवण पेजेवर आलंय. मशीन चालू असतं तेवढा वेळ मात्र जागी असते. पायाने ठेका धरते, पांघरुणाखाली.

तू आलीस तर मी ड्रेस पूर्ण करेन, म्हणजे जागा मोकळी होईल. तुला तिच्याशी काही बोलायची गरज नाही. पाठ करून बसायचं असतं. तुझी पाठ तर तिला माझ्यापेक्षा जास्त आवडेल, तुला पोक नाही.

शिवता येत नाही असं दाखवावं लागेल, तेवढंच अवघड आहे. माझ्याकडून शीक.

बटण्या


३० जून

ताई,

उत्तर आलं नाही. तू लिहिलं असशील आणि टपालात असेल, असं मी धरून चाललोय.

शुक्रवारी डावी बाही लावताना कडेचा दोरा हाताला लागून सरसर निघाला. तेव्हा समजलं, आता उसवता येणार नाही. एक तर सरळ शिवायचं, नाहीतर बाही वाया. मी चाकाला हात लावला, मग पाय. तुझ्या भोकांवरून गेलो. शेवटी काखेत कापड विरलं होतं तिथे थोडं आत यावं लागलं, बाकी तुझ्याच.

हात मागे केला. आईने ड्रेस घेतला. पूर्ण ड्रेस, इतक्या वर्षांनी. मावशी दारात उभ्या राहिल्या. आईने एकेका शिवणीवरून नख फिरवलं. खांदे ओढले, बाह्या ओढल्या. काखेत नख थांबलं.

"इथे आत का आलीस?"

"तिथे कापड राहिलं नव्हतं, बाई."

"बरोबर केलंस. असंच करायचं." मग म्हणाली, "झालं तुझं."

मी मशीनच्या पत्र्याकडे बघत होतो. "बाई, मला अजून काज येत नाही."

"काज हाताने करतात. घरी बसून शिक."

"थोडे दिवस येऊ द्या ना. कोपऱ्यात बसेन."

"असं कसं गं? सगळ्या जातात." तिचा आवाज मऊ झाला. इतका मऊ आवाज मी लहान असताना तापात पडलो होतो तेव्हा ऐकलाय, त्यानंतर नाही. "मशीन एकच आहे, बाळ. दुसरी यायची आहे."

"कोण?"

"माझी मुलगी. रुसून गेलीय. आली आणि मशीनवर दुसरं कुणी बसलेलं दिसलं तर दारातूनच परत जाईल. तिचं तसंच आहे."

मी विचारायचं नव्हतं. विचारलं. "बाई, मुलगा नाही का तुम्हाला?"

"आहे की." हसली. "लहानपणी शर्टाचं बटण गिळलं मेल्याने. मी दोन दिवस वाट बघत बसले. आलं ते धुतलं आणि त्याच शर्टाला लावलं. पोरगा पुढं कित्येक दिवस तो शर्ट घालायला तयार नाही." हसताना तिला खोकला आला. मावशींनी पाणी दिलं. "आता लांबची गाडी चालवतो. येतच नाही. सुरुवातीला तुझा पाय त्याच्यासारखाच जड होता."

"येईल तो," मी म्हटलं.

"येऊ दे. आला की त्याला हा ड्रेस दाखवेन. म्हणेन, माझ्याकडे एक नवी होती. फार हळू शिकली, पण शिकली."

मग बॉबिन केसमधून बॉबिन काढायला तिने मावशींना सांगितलं. मी हात मागे केला होता तसाच ठेवला. तिने बॉबिन माझ्या तळहातावर ठेवली, बोटं मिटली आणि मिटलेल्या मुठीवर हात ठेवला. मी वळलो नाही, ताई. वळलो असतो तर ती किंचाळली असती, आणि मग तेच शेवटचं राहिलं असतं.

"जा आता," ती म्हणाली. "उद्यापासून येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी मी जाऊन मशीनवर बसलो. तिने लगेच ओळखलं. "तुझं झालंय ना गं? ऊठ, माझी मुलगी यायची आहे." इतकी माणसं विसरली, मला सोडल्याचं विसरली नाही. उठलो.

आता मी बाहेर पायरीवर बसतो. आत मशीन बंद असतं. आई दार हलवत नाही. मावशींना सारखं विचारते, "आली का?" मावशी म्हणतात, "वाटेत आहे." मग ती गप्प बसते. शिंपी येता-जाता मला विचारतो, "काय ड्रायव्हरसाहेब, शिकलात का?" मी म्हणतो, शिकलो.

ड्रेस या पार्सलात आहे. आईने तो परत गाठोड्यात बांधायला लावला होता, मावशींनी मला काढून दिला. तुला आता होणार नाही, मलाही कळतं. उलटा करून बघ. डाव्या काखेतली चार बोटं सोडली तर सगळी टीप तुझ्याच भोकांवरून गेलेली आहे.

बॉबिन पाठवत नाही. मनात आलं होतं. तुला तुझी कधी मिळालीच नाही, तेव्हा निदान माझी पाठवावी. पण ती माझी आहे, ताई. पिवळा दोरा आहे तिच्यावर, वीतभर उरलेला. तुझी तुला तिच्याकडूनच घ्यावी लागेल. ती हातात देते.

दुपार कलायच्या आत ये. ती तुला ओळखेल की नाही, मी सांगू शकत नाही. ओळखलं नाही तर नवी म्हणेल. ते वाटतं तितकं वाईट नसतं. सरळ आत जा, मशीनवर बस, चाकाला आधी हाताने सुरुवात दे.

मी पायरीवर असेन. आत गेल्यावर दार लावून घे, म्हणजे तिला मी दिसणार नाही.

बटण्या